सुटा अंक की पुस्तक? काउंटरच्या मागून दिलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकन कॉमिक्स नुकतीच वाचायला लागलोय. दर महिन्याचे सुटे अंक घ्यावेत, की सहा-आठ महिने थांबून त्यांचं पुस्तक घ्यावं? आणि सगळं शेवटी पुस्तकातच येणार असेल, तर कंपन्या सुटे अंक अजून छापतात तरी कशाला?’

पहिल्या भागाचं उत्तर झटकन देतो. भारतात राहत असाल तर पुस्तक घ्या. सुटा अंक इथे येईपर्यंत शिळा होतो, बत्तीस पानांसाठी जेवणाएवढे पैसे मोजावे लागतात, आणि तिसरा अंक मिळाला तर चौथा मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर लांबलचक आहे. खरं तर तो प्रश्न जास्त चांगला आहे, कारण तो कळला की कोणती मालिका थांबून घ्यायची आणि कोणती थांबलात तर हातची जाईल, हेही कळतं.

मी कोण ते सांगतो. न्यू जर्सीतल्या एका कॉमिक्सच्या दुकानात अकरा वर्षं काउंटरमागे होतो. त्यातली सात वर्षं महिन्याची ऑर्डर भरायचं काम माझ्याकडे होतं. आता पुण्यात बाहेरची पुस्तकं मागवून विकतो. म्हणजे आधी सुट्या अंकांवर पोट भरलं, आता जाड पुस्तकांवर भरतंय. दोघांचंही मीठ खाल्लंय, त्यामुळे कुणा एकाची बाजू घेण्याचं कारण नाही.

मुळात अमेरिकेत कॉमिकचा अंक हा वर्तमानपत्राचा धाकटा भाऊ होता. 1961 पर्यंत किंमत दहा सेंट, हलका कागद, मधोमध दोन पिना, आणि विक्री कोपऱ्यावरच्या स्टॉलवर किंवा औषधाच्या दुकानातल्या फिरत्या लोखंडी स्टँडवर. न खपलेला अंक परत जायचा. तोही अख्खा नाही. गाडीभाडं परवडत नसे, म्हणून स्टॉलवाला मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून पाठवायचा आणि तेवढ्यावर पैसे वळते करून घ्यायचा. उरलेला अंक रद्दीत. हा माल कुणी जपून ठेवेल असं त्यात कुणीच धरलं नव्हतं. लेखकही त्याच हिशेबाने लिहीत. प्रत्येक अंक कुणाच्या तरी हातात पहिल्यांदाच पडणार, म्हणून दर महिन्याला नायक कोण, त्याची शक्ती काय, मागे काय घडलं, सगळं नव्याने सांगायचं. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं ‘एक्स-मेन’ आज सलग पुस्तकात वाचून बघा. दर वीस पानांनी कुणीतरी वुल्व्हरिनच्या नखांचा धातू कोणता हे तुम्हाला पुन्हा समजावून सांगतं. महिन्याने वाचणाऱ्याला ती आठवण होती. रविवारी दुपारी सलग वाचणाऱ्याला ती कटकट वाटते.

हे बदललं ब्रुकलिनच्या एका शाळामास्तरामुळे. फिल स्यूलिंग इंग्रजी शिकवायचे आणि न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सची संमेलनं भरवायचे. 1973च्या सुमारास त्यांनी कंपन्यांपुढे सौदा ठेवला: मला सवलत जास्त द्या, मी न खपलेला माल परत करणार नाही. कंपन्यांना आणखी काय हवं होतं? परताव्याची डोकेदुखी एका फटक्यात गेली. त्यातून फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं उभी राहिली. पण सौद्यातली मेख लक्षात घ्या. धोका नाहीसा झाला नव्हता, तो कंपनीच्या खांद्यावरून दुकानदाराच्या खांद्यावर गेला होता. चाळीस प्रती मागवल्या आणि बारा खपल्या तर अठ्ठावीस तुमच्या अंगावर.

दुकानदार हे का सोसायचा? कारण त्या अठ्ठावीस प्रती उद्या विकता येतील अशी आशा असायची. प्रत्येक दुकानात पांढऱ्या पुठ्ठ्याची लांबलचक खोकी असत, आत प्लास्टिकच्या पिशवीत मागे बोर्ड लावून उभे केलेले जुने अंक. एखाद्याला मालिका सतराव्या अंकापासून आवडली, तर आधीचे सोळा तो याच खोक्यांतून शोधणार. तीच त्या काळची ‘संकलित आवृत्ती’ होती, आणि ती प्रकाशकाच्या गोदामात नसून दुकानदाराच्या मागच्या खोलीत होती. पुस्तकं आली तेव्हा पहिला घाव बसला तो या खोक्यांवर. मालिका आवडलेला माणूस आता सोळा अंक हुडकत बसत नाही, पहिला आणि दुसरा खंड उचलून चालायला लागतो. दुर्मिळ अंक जमवणारे राहिले. ‘मला फक्त वाचायचंय’ म्हणणारे गेले. या एका बदलाने दुकानाचा अर्धा हिशेब उलटा झाला.

पुस्तकाकडे पहिल्यांदा वळले ते मोठ्या कंपन्यांवाले नव्हते, घरून धंदा करणारे होते. ‘एल्फक्वेस्ट’ नवरा-बायकोने मिळून काढलेलं, त्याचे रंगीत खंड 1981 पासून पुस्तकांच्या दुकानात गेले. कॅनडात डेव्ह सिम ‘सेरेबस’ काढायचा. त्याने 1986 मध्ये पंचवीस अंकांचं मिळून टेलिफोन डिरेक्टरीएवढं एक पुस्तक छापलं आणि वाचकांना थेट टपालाने विकलं. वितरक चिडले, कारण मधला गाळा त्यांच्या हातून गेला. पण सिमला पक्कं कळलं होतं की अंकाचं आयुष्य एक महिन्याचं आणि पुस्तक मात्र पुन्हा पुन्हा छापता येतं. त्यानंतर त्याने तीनशे अंकांची मालिका 2004 मध्ये संपवली, तीही सगळी अशाच जाड खंडांत मिळते.

त्याच 1986-87 मध्ये ‘डार्क नाइट रिटर्न्स’ आणि ‘वॉचमेन’ अंकांनंतर लगेच पुस्तकरूपात आले, आणि ‘माउस’चा पहिला भाग एका साहित्यिक प्रकाशनाने काढला. ‘माउस’ आधी ‘रॉ’ नावाच्या मासिकात तुकड्या-तुकड्याने येत होतं. 1992 मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला आणि ग्रंथालयांची दारं उघडली. यातली ‘वॉचमेन’ची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्या करारात कलम होतं की पुस्तक छपाईतून बाहेर जाऊन ठरावीक काळ लोटला की हक्क त्यांच्याकडे परत येतील. 1985 साली हे कलम चांगलं वाटणं साहजिकच होतं. कॉमिक कधी वर्षानुवर्षं छापत राहतात का? अंक येतो, जातो, संपतो. पण पुस्तक आलं आणि संपेचना. आजतागायत ते छपाईत आहे, आणि हक्क ते छापणाऱ्या डीसी कंपनीकडेच आहेत. मूर यांचं त्यावरून कंपनीशी कायमचं बिनसलं. कलम लबाडीचं होतं की नव्हतं यावर वाद घाला, पण ते लिहिलं गेलं तेव्हा सुट्या अंकांचं जग होतं, आणि अंमल आला तेव्हा पुस्तकांचं.

‘सँडमन’मध्ये कंपन्यांचा गोंधळ अजून दिसतो. 1989 साली मालिका सुरू झाली. पहिलं पुस्तक निघालं ते सुरुवातीच्या अंकांचं नाही, आठव्या अंकापासून पुढचं. सुरुवात नंतर छापली. म्हणजे कुणी आखून काही करत नव्हतं, वाचक विचारतायत म्हणून हाताला आलं ते बांधत होते. पण पंचाहत्तर अंकांची ती मालिका दहा पुस्तकांत बसली, तिला शेवट होता, आणि ती पुस्तकं अशा लोकांनी विकत घेतली ज्यांनी कॉमिक्सच्या दुकानात कधी पाय ठेवला नव्हता.

नव्वदच्या दशकातला फुगा मी घाईने सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. 1991 मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती दुकानांत गेल्या, पाच वेगवेगळी मुखपृष्ठं काढून. दुकानांत गेल्या म्हणतोय, वाचकांकडे नाही. लोक गुंतवणूक म्हणून पाच-पाच घेत होते, दुकानदार त्याहून जास्त. मग बाजार बसला, ढिगाने दुकानं बंद पडली, 1996च्या डिसेंबरमध्ये मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. मी नोकरीला लागलो तेव्हाही आमच्या तळघरात त्या काळातली खोकी न उघडता पडली होती. मालक त्यांना ‘मुलांचं कॉलेज’ म्हणायचा. थट्टेने म्हणायचा, पण हसायचा नाही.

या पडझडीनंतर कंपन्या मनापासून पुस्तकांकडे वळल्या, आणि त्याबरोबर गोष्ट सांगण्याची रीतच बदलली. एकच उदाहरण घेऊ. 1962 मध्ये स्पायडर-मॅनची जन्मकथा अकरा पानांत आटोपली होती: कोळी चावला, शक्ती आली, गर्व झाला, काका गेला, डोळे उघडले. 2000 साली ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ने तीच कथा नव्याने सांगितली, तिचं पहिलं पुस्तक सात अंकांचं होतं. काका जायला अर्ध्याहून जास्त पुस्तक लागतं. फरक नुसत्या पाल्हाळाचा नाही. मधल्या जागेत शाळा आहे, जेवणाच्या टेबलावरचे संवाद आहेत, नुसत्या चेहऱ्यांची पानं आहेत. पुस्तक म्हणून ते सुरेख वाचलं जातं. पण महिन्याला पैसे मोजून एकेक अंक घेणारे आमचे गिऱ्हाईक अंक परत ठेवत म्हणायचे, ‘काहीच घडलं नाही की यात.’ तेव्हापासून पाच-सहा अंकांची गोष्ट हा साचाच झाला, कारण पुस्तकाचा कणा तेवढ्यानेच नीट जाड होतो. कधी कधी चार अंकांचा जीव असलेली गोष्ट सहा अंक ताणलेली दिसते. ती बांधणीसाठी ताणलेली असते.

आता मूळ प्रश्न. मग सुटे अंक छापतात कशाला?

चित्रकाराच्या टेबलापाशी जाऊन बघू. मेहनती माणूस दिवसाला साधारण एक पान पेन्सिलीने पुरं करतो. शाई करणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, अक्षरं बसवणारा वेगळा. अंकात गोष्टीची वीस-बावीस पानं, म्हणजे एका माणसाचा महिना. पुस्तक सहा अंकांचं, म्हणजे सव्वाशे पानं, म्हणजे सहा महिने. पुस्तक छापून दुकानात जाऊन पैसे परत यायला आणखी सहा. या वर्षभरात चित्रकाराचं घरभाडं कुणी भरायचं? सुटा अंक भरतो. समजा अंकाची किंमत चार डॉलर आहे. दुकानदार तो निम्म्याच्या आसपास घेतो, वितरक आपला हिस्सा काढतो, छपाई जाते, आणि उरलेल्या रकमेत कंपनी त्या पानांची मजुरी कशीबशी भागवते. फायदा फारसा नाही, कधी कधी थोडं नुकसानच. पण पानं तयार झाली, त्यांचे पैसे चुकते झाले. पुढे पुस्तकाला फक्त कागद, छपाई आणि बांधणीचा खर्च. अंकाने पगार काढायचा आणि पुस्तकाने नफा, अशी ही वाटणी आहे. आपल्याकडे कादंबरी मासिकात ‘क्रमशः’ यायची आणि मग पुस्तक निघायचं, त्यातलाच प्रकार. फक्त इथे सोबतीला दुसऱ्या कुणाची कथा-कविता नसते, सगळा भार एकाच गोष्टीवर असतो.

म्हणूनच जिथे भाडं दुसरं कुणी भरतं, तिथे सुटा अंक कुणी छापतच नाही. जेफ स्मिथने ‘बोन’ 1991 पासून स्वतः छापली, पंचावन्न अंक, 2004 पर्यंत. मग सगळं मिळून तेराशेहून जास्त पानांचा एक ठोकळा काढला. 2005 मध्ये स्कोलास्टिकने तीच गोष्ट रंगवून, नऊ सुटसुटीत पुस्तकांत शाळकरी मुलांसमोर आणायला सुरुवात केली आणि तिचा वाचकच बदलला. पुढे रैना टेल्गेमायर यांचं ‘स्माइल’ 2010 मध्ये सरळ पुस्तक म्हणून आलं. त्यांच्या ‘गट्स’ची पहिली छपाईच दहा लाखांची होती. पुस्तकाचा प्रकाशक आगाऊ मानधन देतो, त्यावर लेखिका वर्ष-दोन वर्षं काढते. कॉमिक्सच्या दुकानांचं जग तिथे मधे येतच नाही. फ्रान्स-बेल्जियममध्येही असंच झालं. ‘पिलोत’सारख्या साप्ताहिकांत गोष्ट आधी यायची, मग पुठ्ठ्याच्या बांधणीचा अठ्ठेचाळीस पानी आल्बम, साप्ताहिकं बंद पडत गेली तसा आल्बमच पहिलं रूप झाला. जपानने मात्र दोन्ही टिकवलं. वृत्तपत्री कागदावरचं जाडजूड साप्ताहिक वाचायचं आणि गाडीत सोडून द्यायचं, आवडलेली मालिका खिशात मावेल अशा ‘टँकोबोन’ खंडांत घ्यायची. ‘शोनेन जंप’चा खप नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पासष्ट लाखांपर्यंत चढला होता. ते साप्ताहिक म्हणजे चाळणी: वाचकांचे कौल बघून कोणती मालिका ठेवायची आणि कोणती गुंडाळायची ते ठरतं, आणि खंड तिच्यातून उरलेल्यांचे.

अमेरिकन वाटणीत मात्र एक खोट आहे, ती माझ्यासमोर घडलेली सांगतो.

आमच्याकडे दर बुधवारी संध्याकाळी एक बसचालक यायचे. नवा माल बुधवारी यायचा, त्यांची पाळी पाचला संपायची, सव्वापाचला दारात. एका नव्या मालिकेचा पहिला अंक त्यांनी उभ्यानेच वाचला, खूश झाले, आणि परत ठेवून म्हणाले, ‘पुस्तक आलं की घेतो.’ त्या आठवड्यात असं म्हणणारे आणखी चौघे-पाचजण होते. मी त्या अंकाच्या साठ प्रती मागवल्या होत्या, चौदा गेल्या. ऑर्डर दोन महिने आधी द्यावी लागते, म्हणजे पहिला अंक हातात पडेपर्यंत तिसऱ्याची मागणी नोंदवून झालेली असते. चौथ्याला मी वीस केले, पाचव्याला आठ. इतर दुकानांनीही तेच केलं असणार, कारण पाचव्या अंकावर मालिका बंद झाली. पुस्तक निघालंच नाही. पुढच्या वर्षी ते काका विचारत आले, ‘ते अजून आलं नाही का?’ मी त्यांना पन्नास सेंटच्या खोक्यापाशी नेलं. त्यात माझेच उरलेले अंक होते, एक ते पाच. सगळे मिळून अडीच डॉलरला दिले. आधी घेतला असता तर एकट्या पहिल्या अंकालाच तेवढे पडले असते.

तर, मालिका चालू ठेवायची की नाही हे कंपनी पुस्तकाच्या विक्रीवरून ठरवत नाही, तिला तेवढा दम नसतो. दुकानदारांनी नोंदवलेल्या अंकांच्या आकड्यावरून ठरवते. पुस्तकासाठी थांबणारा वाचक मोजलाच जात नाही. मोठ्या नायकांच्या मालिकांना याने काही होत नाही; बॅटमॅन तुमच्यासाठी थांबलेला नाही. पण नवं नाव, छोटी कंपनी, स्वतःच्या मालकीची गोष्ट लिहिणारी जोडी असेल, तर थांबण्यात मालिका जाऊ शकते. अशी एखादी खरंच आवडली तर निदान डिजिटल अंक तरी घ्या.

काहींनी हा पेच छान सोडवला. ‘द वॉकिंग डेड’ बघा. 2003 ते 2019, एकशे त्र्याण्णव अंक. त्यांचीच सहा अंकांची पेपरबॅक, बारा अंकांची पुठ्ठ्याची, आणि अठ्ठेचाळीस अंकांचं ‘कम्पेंडियम’. पहिलं कम्पेंडियम 2009 मध्ये साठ डॉलरला आलं. तेवढेच अंक सुटे घेतले असते तर एकशे चाळीसच्या वर गेले असते. मालिका टीव्हीवर आली तेव्हा लोकांना द्यायला दुकानात काहीतरी होतं. ‘सागा’ने तर वेळापत्रकच त्यासाठी आखलं: सहा अंक महिन्याला एक, मग सुट्टी, आणि त्या सुट्टीत पुस्तक. 2012 मध्ये पहिला खंड दहा डॉलरला एक सेंट कमी किमतीत काढला, म्हणजे आतल्या अंकांच्या बेरजेच्या जवळजवळ निम्म्यात. सुटे घेणाऱ्याला वाटावं की आपण आधी वाचलं, थांबणाऱ्याला वाटावं की आपले पैसे वाचले. चित्रकार फियोना स्टेपल्स यांनाही श्वास घ्यायला वेळ मिळाला. मालिका मधे दीर्घ काळ थांबली तरी वाचक परत आले, कारण तोवर खंड दुकानात उभे होते.

गंमत म्हणजे आता अमेरिकेत बऱ्याच सुट्या अंकांची ने-आणसुद्धा पुस्तकवाल्यांकडे गेलीय. बरीच वर्षं एकच मोठा वितरक उरला होता, डायमंड. 2020च्या एप्रिलमध्ये महासाथीत त्याने माल पाठवणं थांबवलं, डीसीने तो सोडला. 2021 मध्ये मार्व्हलचे अंक पेंग्विन रँडम हाउसकडे गेले, आणि जानेवारी 2025 मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे कादंबऱ्या वाहणारं गोदाम आता पिना मारलेले बत्तीस पानी अंकही वाहतंय.

पुस्तकात काय हरवतं, तेही ऐकून ठेवा. जाहिराती जातात, वाचकांची पत्रं जातात. पत्रांचं मला खरंच वाईट वाटतं. जुन्या अंकांतली काही पत्रं गोष्टीपेक्षा चांगली असायची. दुसरं, पान उलटण्याची जागा. चित्रकार धक्का नेहमी डाव्या पानावर ठेवतो, म्हणजे उलटल्याशिवाय दिसू नये. अंकातल्या जाहिराती काढल्या की पानं सरकतात आणि डावं उजवं होऊन बसतं. म्हणून चांगला संपादक मधे कोरं पान किंवा मूळ मुखपृष्ठ घालतो. दोन प्रकरणांच्या मधली ती मुखपृष्ठं नुसती शोभेची नसतात, डावं-उजवं सांभाळायलाही असतात. वाईट संपादक ती सगळी मागे एकत्र कोंबतो, आणि खलनायकाचा चेहरा तुम्हाला आधीच्या पानाशेजारीच दिसतो.

तिसरं, रंग. जुने रंग पिवळट, शाई शोषणाऱ्या कागदासाठी निवडलेले होते; तेच चकचकीत कागदावर छापले की डोळ्यांवर येतात. म्हणून नवीन आवृत्त्यांत रंग पुन्हा भरतात. ‘द किलिंग जोक’ 2008 मध्ये चित्रकार ब्रायन बोलंड यांनी स्वतः नव्याने रंगवलं, आधीचे भडक जांभळे-नारिंगी काढून थंड करडे केले. मला जुने आवडतात. गिऱ्हाइकाला दोन्ही उघडून दाखवतो, दहातले आठ नवं घेतात.

चौथं, बांधणी. आपले छपाईवाले ज्याला सेंटर पिन म्हणतात तसा अंक टेबलावर सपाट पडतो, दोन पानांवर पसरलेलं चित्र सलग दिसतं. गोंदाच्या जाड पुस्तकात तेच चित्र मधल्या घळीत बुडतं. मारामारीत नेमकी मूठ कणाजवळ असेल तर कुणी कुणाला मारलं ते कळत नाही. हजार पानी ओम्निबस, म्हणजे बऱ्याच अंकांचा एकच ठोकळा, घेत असाल तर फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले आहेत का ते बघा. पुस्तक मधोमध उघडा. कण्यापाशी दोरा दिसला आणि पान आपणहून पडून राहिलं तर घ्या. छातीवर ठेवून झोपून वाचायची सवय असेल तर मात्र ओम्निबसच्या वाटेला जाऊ नका. डीसीने 2024 पासून छोट्या आकारातली दहा डॉलरची पेपरबॅक मालिका काढली आहे, ‘वॉचमेन’ही त्यात आहे. चित्रं लहान होतात हे खरं, पण लोकलमध्ये उभ्याने वाचायला ती बरी. आणि कोणतीही आवृत्ती घ्या, आतल्या बारीक अक्षरांतली ‘अंक अमुक ते तमुक’ ही ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एकच गोष्ट तीन नावांनी तीन खंडांत विकली जाते, आणि माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी तीच दुसऱ्यांदा घेऊन चुकचुकत येतं.

आपल्याकडचं सांगायचं तर सुट्याचं पुस्तक करणं मराठी घरांना नवीन नव्हतं. वर्षाचे ‘चांदोबा’ बाइंडरकडे देऊन, पाठीला कापडी पट्टी लावून आणायचे. ‘इंद्रजाल’चा वेताळही असाच घरोघरी बांधला गेला, 1964 मध्ये सुरू झालेली ती मालिका 1990 मध्ये बंद पडली आणि मराठी अंकांसाठी लोक रद्दीवाल्यांकडे खेटे घालायला लागले. ‘अमर चित्र कथा’चं गणित वेगळं. 1967 मध्ये अनंत पै यांनी ती मुंबईतून सुरू केली ती दर अंकात पूर्ण गोष्ट ठेवून, आणि जुने अंक सतत पुन्हा छापत राहिले. म्हणजे तो अंक पहिल्यापासूनच पुस्तक होता, नुसती पिन मारलेली होती. तिथे क्रमशः आलं ते महाभारतात: बेचाळीस अंक. आता ते तीन खंडांत मिळतात आणि मुंजीत भेट म्हणून माझ्याकडून सगळ्यात जास्त तेच जातात.

शेवटी पावसाळ्याची सूचना. सुटे अंक घेणारच असाल तर मुंबई-कोकणात पिनांना गंज चढतो, मधल्या पानावर तांबडे डाग पडतात. पिशवीत बंद केलेल्या अंकाला आत दमट हवा कोंडली तर जास्तच. कसर गोंदाच्या पुस्तकांना लागते, तिच्यासाठी कपाट महिन्यातून एकदा उघडं ठेवा. आणि स्वतः बांधून घ्यायचा मोह झाला, तर एक ऐका. परतल्यावर मी माझे जपून आणलेले बारा अंक पेठेतल्या एका बाइंडरकडे दिले. माणूस कसबी, काळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, काम देखणं. फक्त कडा सारख्या दिसाव्यात म्हणून त्याने वरून यंत्रावर एक काप मारला. घरी येऊन उघडलं तर बाराही अंकांत वरच्या रांगेतल्या फुग्यांची पहिली ओळ गेलेली. परत गेलो, दाखवलं. त्याने चष्मा वर करून चार पानं चाळली आणि म्हणाला, ‘साहेब, चित्रं तर सगळी आहेत ना?’